अ‍ॅलेकची कडवी

“खस्सकन ओढून काढलंस ना? मारलीस माझ्या भावाची गाणी!” एफीने हातातली पर्स टेबलावर आदळली.

“मी अजून हातही लावला नव्हता,” पेगी म्हणाली. “तूच जोडलंस, तूच काढलंस, आणि आता तूच ओरडतेयस.”

गावच्या हॉलच्या कोपऱ्यातल्या कंप्युटरला गाणी साठवलेली ती काळी डबी दिसतच नव्हती. पत्त्यांच्या कॅटएवढी डबी. तिचा निळा दिवा जळत होता, कान जवळ नेला तर आतून घरघरही ऐकू येत होती. पडद्यावर मात्र काही नाही.

एफीचा भाऊ अ‍ॅलेक मार्चमध्ये गेला. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या त्या किनाऱ्यावर लोकर आपटायच्या बैठकीत तीस वर्षं त्यानेच गाणं सांगितलं. ओलं लोकरी कापड लांब टेबलावर घ्यायचं, दोन्ही बाजूंना बसून तालात आपटून घट्ट करायचं. धृपद सगळ्यांनी म्हणायचं आणि कडवी एकट्या अ‍ॅलेकने. गॅलिक भाषेतली ती कडवी कुणी लिहून घेतली नव्हती. तशी रीतच होती. धृपद गावाचं, कडवी सांगणाऱ्याची. पूर्वी वाडीवाडीत असा एकेक जण असायचा, बैठका घराघरात व्हायच्या, पहाटे लोक कंदील घेऊन घरी जायचे, तेव्हा कुणाला काळजी नव्हती. आता अ‍ॅलेक शेवटचा होता. दवाखान्यात तो एफीला म्हणाला होता, “त्रेचाळीस गाणी आहेत त्या डबीत. पेगीला उघडायला सांग.”

पेगीला! त्या एका शब्दापायी एफीने डबी पाच महिने कपाटात ठेवली. पण परवा शनिवारी बैठक होणार होती, आणि कडव्यांवाचून गाव नुसतं धृपद घोळवत बसलं असतं.

पेगीने डबी दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. कंप्युटर बंद करून चालू केला. जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. कळफलक होता, प्रिंटर होता, डबी नव्हती. चाळीस वर्षं पोस्ट सांभाळून आता हॉलचा कंप्युटर सांभाळणारी बाई ती, घाई तिला ठाऊकच नव्हती. तेच एफीला सहन होईना.

“गोगलगाय बरी तुझ्यापेक्षा.”

“गोगलगायीला घेऊन ये मग.” पेगी मान न वळवता म्हणाली. “यातलं एखादं तरी तुला येत असेल ना गं? सख्खी बहीण तू त्याची.”

“मी कुठे गाते? मी चहा ओतते. आईने सांगितलं, गाणं अ‍ॅलेकचं, स्वयंपाकघर एफीचं. संपलं.” एफीचा आवाज चढला. “आणि तुला सांगते, घरी तो एक ओळ गायला नाही. साठ वर्षं रांधून घातलं मी त्याला. जगासाठी गळा मोकळा, आणि माझ्यासमोर तोंड शिवलेलं. नुसता बसायचा टेबलाशी, बशीकडे बघत. तेसुद्धा सोसलं. पण गाणी डब्यात भरली आणि किल्ली तुझ्या हातात दिली, हे मी त्याला वर गेल्यावर विचारणार आहे!”

पेगी वायर बोटांत धरून निरखत होती.

“ही वायर डबीबरोबरची?”

“नाही, तिची वीतभर होती. ड्रॉवरमधून लांबशी आणली.”

“कसली होती ही?”

“अ‍ॅलेकच्या दाढीच्या यंत्राची. का? नीट बसतेय की!”

“बसते गं बाई. पण हिच्यातून नुसती वीज जाते. डबीला जेवण मिळतं, बोलता येत नाही.”

“बोलता येत नाही तर वायर कशाला म्हणायचं तिला?” एफी लालबुंद झाली. वायर एवढ्या वर्षांत कुणी फेकून का दिली नाही म्हणून ती अ‍ॅलेकवर चिडली, मग दाढीचं यंत्र बनवणाऱ्यांवर, आणि पेगी हसत नव्हती म्हणून पेगीवर.

पेगीने हॉलच्या कॅमेऱ्याची वायर आणून लावली. टुण्ण असा आवाज झाला. पडद्यावर खिडकी उघडली आणि नावांची रांग खाली खाली जाऊ लागली. पेगीने पहिली तीन मोठ्याने वाचली.

“एफी, बटाटे सोलताना. एफी, इस्त्री करताना. एफी, माझ्यावर चिडलेली, सातही कडवी.”

“हा काय चावटपणा आहे?”

पेगीने तिसऱ्या नावावर बोट टेकवलं.

आधी भांडी आदळली. मग एक करकरीत, संतापलेला बाईचा आवाज आला. बाई स्वतःशीच गात होती, अडत नव्हती, शब्द शोधत नव्हती. मधेच “पाय घे बाजूला” असं कुणावर तरी खेकसली आणि तिथूनच पुढचं कडवं उचललं. त्या आवाजाच्या मागून, अगदी रेकॉर्डिंगच्या यंत्राजवळ, अ‍ॅलेक कुजबुजत तीच ओळ घोकत होता, नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसलेल्या पोरासारखा.

पेगी यादी शेवटपर्यंत बघून हळूच म्हणाली, “त्रेचाळीसही अशी तुझीच आहेत, एफी.”

एफी खुर्चीची कड धरून उभी होती. अ‍ॅलेकच्या कुजबुजीतल्या तिसऱ्या ओळीला तिचे ओठ आवळले.

“चुकला!” ती ओरडली. “साठ वर्षं ऐकून चुकला, गाढव!” आणि ती ओळ कशी म्हणायची ते, टेबलावर मूठ आपटत, तिने पेगीला भर आवाजात ऐकवलं.