मिनिटाला सहाशे फूट

"किती?" रेडिओवर टोरलाइफचा आवाज आला.

सिग्रुनने उंचीच्या काट्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"पहिल्या मिनिटाला चारशे फूट, काका."

अकरा वर्षं खपून टोरलाइफने हे विमान घरच्या गोठ्यात बांधलं होतं. पंखाची फळी न् फळी स्वतः तासलेली. मिनिटाला सहाशे फूट चढलं नाही तर आपण त्यात पाऊल ठेवायचं नाही, असा शब्द त्याने बायकोला, बोर्गहिल्डला, दिला होता. चढलं, तर शनिवारी तिला शेजारी बसवून तो स्वतः उडवणार होता. चाचणीला मात्र त्याने प्रवासी विमानं चालवणारी पुतणी बोलावली होती. आपल्याच पोराला मार्क देताना हात सैल सुटतो, म्हणाला होता.

"नाक जास्त वर धरलं असशील. खाली ये आणि पुन्हा चढ."

ती खाली आली, पुन्हा चढू लागली. तलावावर धुरकट हवा होती. खालची गवताची धावपट्टी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

"तीनशे ऐंशी."

तिने रेडिओचं बटण पुन्हा दाबलं.

"काका? ऐकताय ना?"

खूप वेळाने बोर्गहिल्डचा शांत आवाज आला. "इथेच आहे तो. थांब जरा."

इंजिन एका सुरात चाललं होतं. दोन मिनिटं गेली असतील.

"हं, बोल," टोरलाइफ म्हणाला. "चढायला सुरुवात केलीस का?"

"केली. तीनशे ऐंशी."

त्याने सोडलेला श्वास तिला रेडिओवरही ऐकू आला.

"बरं. आता उंची धरून सरळ उडव. वेग?"

"पंच्याण्णव." तिने काट्यावरची नजर काढली. "काका, शेपूट थरथरतेय. वेग वाढवला की जास्तच."

"परत ये," तो लगेच म्हणाला. "सावकाश ये पोरी. विमानाचं काही झालं तर होऊ दे. तू ये."

ती उतरली तेव्हा तो धावपट्टीवर उभा होता. त्याने आधी तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले. मग शेपटीवरून एकदा हात फिरवला.

"सांगाडाच चुकला माझा," तो म्हणाला. "आणि असल्यात मी तुला बसवलं."

"काका..." सिग्रुनने तोंड उघडलं. तेवढ्यात बोर्गहिल्डने तिच्या हातात कॉफीचा कप दिला आणि हात तसाच दाबून धरला.

"उद्या पंख उतरवतो," टोरलाइफ म्हणाला. खाली मान घालून तो गोठ्याची दारं उघडायला गेला. पाठमोरा तो एकाएकी म्हातारा दिसत होता.

दोघी तो लांब जाईपर्यंत थांबल्या.

"या आठवड्यातली तिसरी वेळ," बोर्गहिल्ड म्हणाली. "मगाशी हाक मारली, हलवलं, तरी नुसता बघत बसला. नंतर त्याला काही आठवत नाही."

सिग्रुनने मान हलवली. कॉफी तिच्याच्याने पिववेना.

"खरं किती चढत होतं गं?"

"नऊशे."