खालून

दुसरा स्क्रूही वाटीत टिणकन पडला आणि दुपारची शांतता मोडली. घरात मी आणि लेक, दोघीच. हे वाळूजला शिफ्टवर.

मुक्ता झोपली की मी अ‍ॅनिमेशनसाठी तारेच्या बाहुल्या करते. ही तिच्याच चणीची. फळीवर एकेका फोटोसाठी चालवताना एक पाय सोडायचा, तर दुसरा फळीखालून स्क्रूनं आवळलेला हवा. नाहीतर बाहुली कलंडते.

"दोन्ही सोड ना गं, पळू दे तिला," मुक्ता झोपताना म्हणाली होती.

"पडेल की, बाई!" असं म्हणूनही मी आत्ता दोन्ही स्क्रू सोडले.

बाहुली पडली नाही. उचलायला गेले, तर उचलेना. फळीखाली हात फिरवला. तिथं काहीच नव्हतं.

तेवढ्यात मुक्ता उठली, पलंगावरून उतरली आणि जागीच थांबली.

"आई, माझे पाय खालून कुणी धरलेत गं?"