पांघरुणाची घडी

रंगमंचावरच्या खाटेवरून म्हातारा दुसऱ्यांदा म्हणाला, "पाणी."

संहितेनुसार मुलाने खिडकीशी जाऊन पाठ फिरवायची होती. महिनाभर तालमीत त्याने तेच केलं होतं. आज तो जागचा हलला नाही. त्याने खाटेच्या पायथ्याचं पांघरूण उचललं आणि घडी घालायला लागला. टोकाला टोक जुळवून. घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली, आणखी लहान. म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा पांघरूण एवढंसं झालं होतं. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. त्याने विंगेत पाहिलं. तिथे टाका उभा होता, मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेला. तो एकटक याच्याकडे बघत होता. मग त्याने मान खाली घातली आणि जमिनीवर न पडलेली टाचणी शोधायला लागला.

टाका म्हणजे नाटकमंडळाचा शिंपी. सगळ्यांचे कपडे तोच शिवायचा, म्हणून हे नाव. मुलाचं काम करणारा हा वीजबिलांच्या खिडकीमागे बसणारा कारकून. मंडळात त्याला हिरो म्हणत, निम्मं कौतुकाने, निम्मं चिडवायला. बाकीच्यांशी मैत्री नाटकापुरती. प्रयोग झाला की गळ्यात गळे, आणि पुढचं नाटक बसेपर्यंत कुणाला कुणाची आठवण नाही. टाक्याचं तसं नव्हतं. दर रविवारी दुपारी हिरो त्याच्या दुकानावरच्या खोलीत जायचा. दोघं चटईवर पडायचे, पाय भिंतीला लावून. तासभर कुणी बोललं नाही तरी चालायचं. आठवडाभर लोकांची बोलणी, शनिवारी दिग्दर्शकाची. त्या एका दुपारी कुणाला काही करून दाखवायचं नसायचं.

अशाच एका रविवारी टाका छताकडे बघत बोलला होता. सहा वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं. नर्सने बजावलं होतं, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. आई डबा आणायला घरी गेलेली. वडील पाणी मागत राहिले.

"मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना," टाका म्हणाला होता. "म्हणून पांघरुणाची घडी घालत बसलो. वर पाहिलं तर सगळं संपलं होतं. आईला सांगितलं, झोपेत गेले. हे फक्त तुला म्हणून सांगतोय."

प्रयोग स्पर्धेतला होता; त्याच रात्री अभिनयाचं पहिलं बक्षीस हिरोलाच मिळालं. दिग्दर्शकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, ते घडीचं कुठून सुचलं तुला?"

"आपोआप आलं," तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याला कळलं, टाका मागेच उभा आहे, कोट उतरवून घ्यायला.

"हात मागे कर," टाका म्हणाला. एवढंच. त्याने कोट काढला, हँगरला लावला, बाहीवरची धूळ झटकली. एखादी सणसणीत शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. तो घरीच पडून राहिला, पण पडवेना. बहिणीने करंडक टेबलावर मांडला होता. त्याने तो उचलून कपाटात कोंबला. "काय रे, दृष्ट लागेल म्हणून?" ती हसली. तो चपला घालून बाहेर पडला.

टाक्याच्या जिन्यावर त्याने "माफ कर" असं तीनदा म्हणून पाहिलं. तिसरं जरा बरं जमलं, आवाज नेमका जिथे कापायला हवा तिथे कापला, हे ध्यानात आलं आणि तो पायरीवरच थबकला. त्याला स्वतःची किळस आली.

दार टाक्याच्या आईने उघडलं. काल ती तिसऱ्या रांगेत होती, हे त्याला तिचे सुजलेले डोळे बघून आठवलं.

"ये बाळा," ती म्हणाली आणि त्याचा हात तिने दोन्ही हातांत धरला. "मी डबा घेऊन परत आले ना, तेव्हा पांघरूण स्टुलावर होतं. एवढीशी घडी. मरणाऱ्या माणसाचं पांघरूण कोण असं घडी घालून ठेवतं? सहा वर्षं विचार करतेय. काल तुला बघितलं आणि कळलं."

तिने हात धरूनच त्याला आत घेतलं.

"रात्री घरी येऊन आम्ही दोघं बोललो. पहिल्यांदा. म्हटलं, वेड्या, मी तिथे असते तर मीही पाणी दिलं नसतं. एवढं एकट्याने पोटात ठेवलंस होय रे?" तिने डोळे पुसले, पण त्याचा हात सोडला नाही. "त्याला तोंडाने सांगवेना, म्हणून त्याने तुझ्याकडून वदवून घेतलं ना? याला विचारलं तर गप्प बसतो. तूच सांग."

खरं सांगायची हीच वेळ होती. नाही म्हणायचं, मी चोरलं म्हणायचं. पण आत कुठेतरी त्याला वाटत होतं, तिने हात सोडू नये.

खिडकीशी टाका मशीनवर वाकून सुई ओवत होता. दोरा आत जात नव्हता. त्याने वर न बघताच उत्तर दिलं.

"हो आई, मीच सांगितलं होतं. हा तर नकोच म्हणत होता."