आजीच्या मांडीवर बसायचं नाही

तिने ठकीला सासूबाईंच्या मांडीवरून उचललं तेव्हा गोष्ट ऐन रंगात आली होती. ठकीने हातपाय झाडले. “आई, थांब ना! माकड अजून झाडावरच आहे!”

“राहू दे झाडावर. आजीच्या मांडीवर बसायचं नाही, सांगितलंय ना?”

सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. “जा बाई. माकडाला मी उतरवते.” आणि खोकल्या. खोकला छोटासाच होता. पण ती घरात कुठेही असली तरी तो तिला बरोबर ऐकू यायचा.

त्या वैद्यकीय तपासणीने सगळं उकरून काढलं होतं. नवरा नोकरीसाठी आधीच परदेशी गेला होता. मागून बायको, मुलगी आणि आई अशा तिघींनी जायचं, कायमचं. व्हिसाचा अर्ज दिला, काय न्यायचं आणि काय टाकायचं यावरून दोन भांडणंही उरकली. उरली होती फक्त तपासणी. नवरा म्हणाला होता, चहा पिऊन येण्याएवढं काम आहे. तिथेच गाडं अडलं. चार वर्षांच्या ठकीच्या रक्तात क्षयाचे जंतू शिरल्याची खूण सापडली. पोर आजारी नव्हती, छातीचा एक्स-रेही चांगला होता. वेळीच गोळ्या दिल्या की झालं. पण जंतू आले कुठून? त्याच आठवड्यात सासूबाईंच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला. तिच्यापुरता निकाल लागला.

तपासणी करणाऱ्या क्लिनिकला मात्र पुरावा हवा होता. सासूबाईंनी ओळीने तीन सकाळी थुंकीचे नमुने द्यायचे आणि प्रयोगशाळेने त्यात जंतू वाढतात का ते बघायचं. त्याला दोन महिने. पहिले तिन्ही नमुने परत आले. नुसती लाळ आहे म्हणे.

“दाखवून नाकारलेली मुलगी झाले मी,” सासूबाई म्हणाल्या. “थुंकीसुद्धा पसंत पडेना मेल्यांना!”

तिला हसू आलं नाही. तिला सातवा महिना होता. तिचा स्वतःचा एक्स-रे तिने बाळंतपणानंतर ढकलला होता. पोटावर शिशाचं आवरण घालून काढतो, काही होत नाही, असं तिथल्या बाईंनी परोपरीने सांगितलं होतं. ती बधली नाही. ‘काही होत नाही’ यावर विश्वास ठेवणाऱ्यांतली ती नव्हतीच. दूध ती दोनदा उकळायची, खेळणी गरम पाण्यातून काढायची आणि ठकी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची.

घरात नवे नियम आले. सासूबाईंचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, खुर्ची खिडकीपाशी. सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. आजवर आजीपाशी झोपणारी ठकी आता आईच्या गळ्यात हात टाकून, तोंडाला तोंड लावून झोपू लागली. तिला तेवढंच बरं वाटायचं. पोर डोळ्यांसमोर होती.

“अगं, आईचा निकाल तरी येऊ दे,” नवरा फोनवर म्हणाला.

“निकाल येईपर्यंत बाळ येईल. मग काय करू? तू आहेस का इथे?”

दुसऱ्या दिवशी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या तेव्हा तिने विषय काढला. “आई, बाळाचं होईपर्यंत तुम्ही मावशींकडे राहाल का? शेजारच्या काकू येतील मदतीला.”

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. “बाळंतपणाला लोक बाहेरून माणूस आणतात, गं. तू घरातलं बाहेर पाठवतेस.”

संध्याकाळी सासूबाईंनी आपली पिशवी स्वतःच भरली. दारातून ठकीकडे बघून हात हलवला. जवळ गेल्या नाहीत.

मुलगा झाला. नवरा रजा काढून आला, बाळाला पोटभर बघून परत गेला. पाठोपाठ सासूबाईंचा निकाल आला. जंतू एकही नाही. डाग कधीकाळच्या न्यूमोनियाचा, कोरडा. “आता बोलाव तिला,” नवरा म्हणाला. “मी विचारलं, तर म्हणते, सुनेने पाठवलंय, सुनेनेच बोलवावं.”

तिने तीनचारदा फोन हातात घेतला. काय म्हणायचं? ‘चुकलं’ म्हणायला जीभ उचलेना आणि दुसरं काही म्हणायला तोंड नव्हतं. मग तिने ठरवलं, आपला एक्स-रे उरकू, मग एकदमच फोन करू, म्हणजे तयारीचं बोलता बोलता बाकीचं आपोआप निघून जाईल. एक्स-रे झाला. बाळ छातीशी घेऊन ती घरी आली.

क्लिनिकचा फोन आला तेव्हा ती बाळाला पाजत होती. डॉक्टरीणबाई सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. डाव्या फुप्फुसात वर डाग. ताजा दिसतोय. उद्याच नमुने द्या.

“पण मला तर साधा खोकलाही नाही!”

“कधी कधी नसतो.”

“म्हणजे ठकीला...”

“बहुतेक तुमच्याकडूनच. तुमचा एक्स-रे तेव्हाच झाला असता, तर लगेच कळलं असतं.” पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “घाबरू नका, औषधाने पूर्ण बरं होतं. पण तोवर बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावं लागेल. तुमचं दूध काढून पाजता येईल. मला एवढंच सांगा, तपासणी पूर्ण होऊन ज्यांचा रिपोर्ट स्वच्छ आलाय, असं कोणी आहे का घरात?”