फाईल भरली

रंजनाने पुन्हा रुपीचं नाव टाईप केलं आणि कॉम्प्युटरने पुन्हा तेच तोंडावर फेकलं. फाईल भरली आहे. समोरच्या बाकावर तिची वहिनी गौरा बसली होती, मोखाड्याकडच्या पाड्यावरून पहिली एस.टी. धरून आलेली. मांडीवर रुपी. दीड वर्षाची पोर, पण उचलायची भीती वाटावी इतकी हलकी.

जव्हारच्या त्या कचेरीत कॉम्प्युटर येऊन वर्षही झालं नव्हतं. कुपोषित पोरांची नावं आता त्यावरच चढायची. नाव चढलं तर दूध पावडर, दवाखान्यात खाट. नाही चढलं तर पोर कुपोषितच नाही, असा सगळा सरळ कारभार.

रंजना साहेबांकडे गेली. "सर, कुणीतरी फाईलला मर्यादा घातलीय. डिस्कवर जागा ढीगभर पडलीय. एक खूण केली की फाईल लागेल तशी आपोआप वाढत जाईल."

"मर्यादा मीच घालायला लावली," साहेब म्हणाले. "आपला आकडा वाढत नाही म्हणून वर कौतुक चाललंय, आणि तुम्ही फाईल वाढवायला निघालात? जी पोरं गेली त्यांची नावं काढा, तिथे नवी घाला. त्या खुणेला हात लावलात तर उद्यापासून घरी बसा."

मेल्याला लाज कशी नाही, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नोकरी कंत्राटी, आणि भावाची चूलही तिच्याच पगारावर पेटायची. ती जागेवर येऊन बसली. गेलेल्या पोरांची नावं तिने कालच काढली होती. त्या जागाही कालच भरल्या होत्या.

"बाय, चढलं का नाव?" गौराने विचारलं.

"थांब जरा."

गौरा थांबली. तिला काय, नणंद सरकारी कचेरीत आहे, म्हणजे काम होणारच. रुपी रडत नव्हती. रडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

दुपारी फोन वाजला. पलीकडे एका पाड्याची अंगणवाडीताई होती. "मॅडम, आमच्या सोम्याचं नाव काढा. सकाळी गेला तो."

"बरं झालं," रंजना म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून सोम्याच्या जागी रुपीचं नाव टाईप करू लागली.