तळहातावरचं चाटण

दिवसभर प्रयोगशाळेत अश्वगंधेचे डबे तपासून हेमांगी दमून घरी आली. आजही एकही चूर्ण खरं निघालं नव्हतं. कित्येक वर्षांत निघालंच नव्हतं. नेहमीसारखं मधात चूर्ण कालवून तिनं सासऱ्यांपुढे चमचा धरला. चमचा मात्र आज नवा होता. सरकारनं घरोघरी सक्तीनं वाटलेला, जिन्नस ओळखून बोलणारा.

“अश्वगंधा नाही. भाजलेलं नाचणीचं पीठ,” तो खणखणीत म्हणाला.

सारवासारव करायचंही हेमांगीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. “खरं कुठेच मिळत नाही, अण्णा. आणि हे घेतल्याशिवाय तुम्हाला झोप लागत नाही.”

अण्णांनी चमचा बाजूला सारला आणि हात पुढे केला.

“यापुढे तळहातावर देत जा, पोरी. तो चहाड्या करत नाही.”