तिसरी रांग, दुपारी एक

ढमढेरे सर गच्चीवर निघाले ते आपल्या विद्यार्थिनीला, हमीदाला, खोटं पाडायलाच. इमारतीतली वीज कशी वाचवायची, हा विषय ते वाघोलीच्या एका कॉलेजात चौदा वर्षं शिकवत होते. एवढ्या वर्षांत एप्रिलच्या उन्हात चार जिने चढून सोलर पॅनेल बघायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली नव्हती.

"ऊन तेच, पॅनेल तीच," हातातला आलेख हलवत ते म्हणाले. "तरी पाचांपैकी तिसरीच रांग दुपारी एकला उडी मारते. अर्धा तास जास्त वीज देते आणि मग शहाण्यासारखी खाली उतरते. तिला काय जेवणाची सुट्टी असते?"

"माहीत नाही सर. मी फक्त खालच्या मीटरवर दिसलं ते लिहिलंय."

"कुणी धूळ पुसली तर फायदा दिवसभर टिकतो. अर्ध्या तासाचा फायदा फक्त घरी बसून आकडे भरणाऱ्यांच्या वहीत असतो. आज उडी दिसली नाही, तर प्रोजेक्ट रद्द. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून."

हमीदा त्यांच्यामागे जिना चढत राहिली. महिनाभर, रविवारसुद्धा न चुकवता, ती कसबा पेठेतून दोन बस बदलून येत होती आणि मीटरच्या खोलीत बसून दर पाच मिनिटांनी आकडा टिपत होती. गच्चीवर मुलांना बंदी होती, म्हणून वर काय होतं ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. आज सरांनी किल्ली आणली होती. ती लागली नाही, कारण दाराला कुलूपच नव्हतं.

"वा! काय ही सुरक्षा," सर म्हणाले.

गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. पाच रांगा दक्षिणेकडे तोंड करून तळपत होत्या. खाली मीटरशी वर्गातली हेमा बसली होती. हमीदाने तिला फोन लावून स्पीकर चालू केला.

"तिसरी, दोन हजार सहाशे दहा वॅट," हेमाचा आवाज आला. "बाकीच्या पण तेवढ्याच."

एक वाजला. एक पाच झाले, एक दहा झाले. आकडा जागचा हलेना. सरांनी रुमालाने मान पुसली, खिशातून लाल पेन काढलं आणि आलेखावरच्या उड्यांवर शांतपणे काट मारली.

हमीदाला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. तिने मान फिरवली, तेव्हा तिला तिसऱ्या रांगेखालचं गोणपाट दिसलं. नीट अंथरलेलं. त्यावर फडक्यात बांधलेला डबा होता. डबा होता, पण जेवणारं माणूस कुठं होतं?

ती पाण्याच्या टाकीमागे गेली. तिथे जिने पुसणाऱ्या शकूमावशी भरलेली बादली धरून भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"मावशी, तुम्ही?"

"साहेबांस्नी सांगू नगंस गं," त्या कुजबुजल्या. "गच्चीवर जेवायला मनाई हाय. पन खाली कुठं बसू? हितं सावली तरी हाय."

"आणि हे पाणी?"

"वरनं काच अशी तापती की खाली डोकं शिजतंय. म्हनून बसायच्या आदी जरा पानी मारते. आमचं पत्र्याचं घर हाय, तिथं बी तसंच करतो."

हमीदाला वर्गातला धडा आठवला. पॅनेलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. तापलं की वीज कमी देतं. याच वाक्यावर तिने पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. मागे चप्पल वाजली. सर येऊन उभे होते.

"आज न्हाई मारलं साहेब," शकूमावशी घाईने म्हणाल्या. "उद्यापासनं येत बी न्हाई."

"रविवारी मारता?" सरांनी विचारलं.

"रविवारी सुट्टी असती की."

सरांनी आलेख उलगडला. चार रविवार. चारही दिवशी तिसरी रांग बाकीच्यांसारखीच सपाट होती. त्यांनी ते दोनदा पाहिलं.

"मारा पाणी," ते म्हणाले. "आजचं राहिलंय."

शकूमावशींनी हमीदाकडे पाहिलं, मग बादली उचलली. आधी नुसतं शिंपडलं. थेंब काचेवर बघता बघता सुकले. मग तांब्याने वरच्या कडेवरून त्या सावकाश पाणी सोडत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अगं हमीदा, तिसरी चढतेय," फोनमधून हेमा ओरडली. "सहाशे साठ! सातशे दहा! तुम्ही वर काय करताय? सातशे ऐंशी!"

हमीदाने वेळ टिपली. सरांनी आलेखावरच्या लाल रेघांवर बोट ठेवलं.

"ही काट माझी आहे," ते म्हणाले. "रिपोर्टला हाच कागद लाव. खाली मी लिहून देतो, काट मारणारा चुकला म्हणून."

मग ते शकूमावशींकडे वळले. त्यांच्या आवाजातला वर्गातला तोरा आता कुठेतरी गेला होता. "पाणी पुरेसं झालं, हे तुम्हाला कसं कळतं हो?"

"हात लावून."

सरांनी ओल्या काचेवर तळवा टेकवला.

"वरनं न्हाई, साहेब," शकूमावशी म्हणाल्या आणि डबा उचलून त्यांनी गोणपाटावर जागा केली. "खालनं लावा. मानूस खाली बसतंय न्हवं."